विणलेल्या वायरचा दर वेळी तोच कान का जातो?

घरी विणलेल्या हेडफोनच्या वायरबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच आहे. चारपेडी वेणी छान झाली, वरून काळी जाळीदार स्लीव्ह चढवली, टोकांना हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी ट्यूब, बसवली, आवाजही उत्तम आला. दोन-तीन महिन्यांनी उजवा कान बंद. जॅक उघडून पुन्हा सोल्डर मारलं की चालू. महिनाभरात परत बंद, आणि परत उजवाच. यावर बहुतेक जण सोल्डरिंगला दोष देतात, महागाचा जॅक आणतात, आणि वायर पुन्हा त्याच जागी तुटते.

सोल्डरचा टाका सहसा शाबूत असतो. जाळीदार स्लीव्ह वायरला घासण्यापासून वाचवते, तेवढंच तिचं काम. वायरला हिसका बसला तर तो कोण झेलणार, हे वायर बांधतानाच ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही तर वेणीतला सगळ्यात ताठ पेड तो झेलतो आणि तुटतो. शिवाय स्लीव्ह काळी असल्यामुळे आत काय तुटलंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून वेळ चुकीच्या जागी जातो.

आधी तुटलंय कुठे ते पक्कं करा

जॅक लगेच उघडू नका. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि हेडफोन कानाला लावून बसा. गाण्यात मुळातच चढउतार असतात, त्यामुळे क्षणभराचं तुटणं त्यात लपून जातं. तानपुरा एकसंध चालतो, जरा खरखर झाली की कळते. आता जॅकपासून सुरुवात करून वायर दोन-दोन बोटं अंतराने हळू वाकवत पुढे जा. जिथे आवाज येतो-जातो, तिथे स्केचपेनने खूण करा. बहुतेक वेळा ही खूण जॅकच्या मागच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये येते. उरलेल्यांपैकी बऱ्याच वायरी जिथे डाव्या-उजव्या कानासाठी दुभंगतात, तिथे गेलेल्या असतात.

एक लक्षण ओळखून ठेवा. दोन्ही कान चालू आहेत, पण आवाज पोकळ येतोय, वाद्यं ऐकू येतात आणि गाणारा मात्र जवळजवळ गायब, असं झालं तर ग्राउंडची तार तुटली आहे असं समजा. दोन्ही कानांचा परतीचा रस्ता बंद झाला की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात, आणि डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. जॅक अर्धवट आत गेला असेल तरी असंच होतं. चार कड्यांच्या जॅकवर ग्राउंड आणि माइकची अदलाबदल झाली असेल तरीही होतं. हल्लीच्या फोनमध्ये टोकाकडून क्रम डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा असतो. ग्राउंड सगळ्यात मागच्या कडीला लावलं असेल तर वायर नवी कोरी असूनही पोकळच वाजणार.

मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासणं पुरेसं नाही. पुष्कळ मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंत बीप देत राहतात, म्हणजे एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा पास होते. ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा. बाजारात जी १४/३८ म्हणून मिळते, म्हणजे ३८ गेजच्या १४ बारीक तारा, तिचा सव्वा मीटरचा तुकडा पाव ओहमच्याही आत येतो. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा आकडा आधी वजा करा. उरलेला आकडा दोन-तीन ओहम असेल आणि वायर हलवताना नाचत असेल, तर आत तारा तुटल्या आहेत.

वायर पूर्ण मेली असेल आणि वाकवूनही जागा सापडत नसेल, तर आणखी एक उपाय आहे. मीटरला कपॅसिटन्स मोजता येत असेल तर दोन्ही बाजूंची टोकं सोडवून घ्या. तुटलेली तार आणि तिच्या शेजारची चांगली तार यांच्यातला कपॅसिटन्स आधी एका टोकाकडून आणि मग दुसऱ्या टोकाकडून मोजा. तो लांबीच्या प्रमाणात येतो. एकीकडे ३० आणि दुसरीकडे ९० पिकोफॅरॅड आला, तर पहिल्या टोकापासून पाव लांबीवर तुटलंय. मला हा प्रकार फार आवडतो, कारण स्लीव्हला हात न लावता जागा सापडते.

आत नक्की काय होतं

तुटलेलं टोक कापून उभं चिरा आणि भिंगातून बघा. टाक्याजवळ तारा चकचकीत आणि घट्ट चिकटलेल्या दिसतील, कारण सोल्डर वातीत तेल चढावं तसं तारांमध्ये वर चढलेलं असतं. त्यापुढे तारा मोकळ्या आणि लवचिक असतात. दोन्हींच्या सीमेवर, केसाइतक्या अंतरात, सगळ्या तारा एका रेषेत तुटलेल्या सापडतात. वायर वाकते तेव्हा कडक भाग वाकत नाही आणि मऊ भाग वाकतो, त्यामुळे सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. जॅक उघडून त्याच टोकावर पुन्हा सोल्डर मारलं की सोल्डर आणखी वर चढतं, कडक भाग लांबतो, आणि नवी सीमा कव्हरच्या तोंडाजवळ, जिथे वायर सगळ्यात जास्त वाकते तिथेच, येऊन बसते. म्हणून दुसरी दुरुस्ती पहिलीपेक्षा कमी टिकते आणि तिसरी त्याहून कमी.

तोच कान का, याचं उत्तर वेणीत आहे. चारही पेड सारख्या लांबीचे कापून विणायला घ्या आणि विणून झाल्यावर शेवटी उरलेली शेपटं बघा. एखादं शेपूट बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर लांब उरलं असेल, तर तो पेड वेणीत कमी खर्ची पडला, म्हणजे तो बाकीच्यांपेक्षा सरळ गेला आहे. वायर ओढली की वळणं घेतलेले पेड थोडे सैल देतात, सरळ पेडाकडे द्यायला काही नसतं. सगळी ओढ त्याच्यावर. तो उजव्या कानाचा असला तर दर वेळी उजवाच कान जाणार, जॅक कितीही भारी लावा.

तिसरी गोष्ट स्लीव्हची. ही जाळी पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते. ढकलली की फुगते आणि आखूड होते, ओढली की बारीक आणि लांब होते. वायर आत घालायची म्हणून आपण ती फुगवतो, आणि ती तशीच फुगलेली असताना टोकांना हीट श्रिंक बसवतो. मग वायर ओढली की जाळी आधी लांबत राहते आणि तिचा ताण सुरू होण्याआधीच आतल्या तारा ताणल्या जातात. हीच जाळी नीट ताणून दोन्ही टोकांना पकडली, आणि आतली वेणी तिच्यापेक्षा किंचित लांब ठेवली, तर ओढ जाळी घेते. वस्तू तीच, पैसे तेवढेच, फरक फक्त कोण आधी ताणलं जातं याचा.

दुरुस्ती

मेलेलं टोक वाचवायच्या भानगडीत पडू नका. खुणेच्या पुढे दोन सेंटिमीटर सोडून वायर कापा. सोल्डर चढलेला सगळा भाग गेला पाहिजे.

सोल्डर करण्याआधी जॅकचं कव्हर आणि ट्यूबचे तुकडे वायरमध्ये ओवून घ्या. जॅक एखाद्या जुन्या, निकामी सॉकेटमध्ये खुपसून ठेवा. त्याने कड्यांमधलं प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होत नाहीत, आणि जॅक हलतही नाही. वायरचं साल जेमतेम तीन मिलिमीटर काढा. साल जिथे संपतं तिथे चिमट्याने किंवा क्रोकोडाइल क्लिपने घट्ट धरा. तो धातू उष्णता खेचून घेतो आणि सोल्डर वर चढत नाही. ६३/३७ (कथील/शिसं) सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, त्यामुळे ६०/४० पेक्षा ते बारीक कामाला बरं. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांच्या आसपास ठेवून दोन सेकंदांत काम संपवा. कमी तापमानावर दहा सेकंद टेकवून ठेवली तर सोल्डर वर चढतं, आणि पीव्हीसीचं सालही मागे आकसतं. सिलिकॉनच्या सालाची वायर मिळाली तर ती घ्या, ती इस्त्रीने वितळत नाही.

आता मुख्य काम. जॅकच्या ग्राउंडच्या पट्टीला शेवटी दोन कान असतात, ते वायरवर मुडपायचे असतात. बरेच जण ते उघड्या पेडांवर मुडपतात किंवा तसेच सोडून देतात. त्या कानांखाली स्लीव्ह आली पाहिजे. जाळी ताणून घ्या, तिच्या टोकावर हीट श्रिंकचा छोटा तुकडा बसवा म्हणजे धागे सुटणार नाहीत, आणि त्या तुकड्यावर कान मुडपा. आत पेड तीन-चार मिलिमीटर सैल, किंचित कमान घेऊन राहिले पाहिजेत. कव्हर चढवण्याआधी एका हातात जॅक, दुसऱ्या हातात वायर धरून ओढून बघा. कमान तशीच राहिली तर बरोबर. ती सरळ होत असेल तर परत उघडा. मी तर अर्धा किलो साखरेची पिशवी लटकवून बघतो, रोजच्या वापरात यापेक्षा जास्त ओढ क्वचितच बसते.

कव्हरच्या मागे एकच जाड ट्यूब लावू नका. त्याने वाकण्याची जागा फक्त ट्यूबच्या तोंडापाशी सरकते. आधी चार सेंटिमीटरचा पातळ तुकडा, त्यावर अडीचचा, त्यावर दीडचा, तिन्ही जॅकच्या बाजूने सुरू होणारे. म्हणजे कडकपणा पायरीपायरीने कमी होतो आणि वायर एका रेषेत न वाकता गोलाईत वाकते. सगळ्यात आतला तुकडा ३:१ आकसणारा, आतून गोंद असलेला मिळाला तर फारच चांगलं. नागपुरात बर्डीतल्या (सीताबर्डी) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत २:१ची साधी ट्यूब कुठेही मिळते, गोंदवाली मात्र विचारून घ्यावी लागते. साधी ट्यूब ९० अंशांच्या पुढे आकसते, गोंदवालीला आणखी थोडी उष्णता लागते. लायटरने काम होतं, पण ज्योत जाळीला लागू देऊ नका, ती साधारण २५० अंशांना वितळते आणि तिच्या कडक गाठी होतात. त्या गाठी आतल्या सालाला कापतात.

पूर्ण वायर नव्याने विणत असाल तर सव्वा मीटरच्या वायरसाठी पेड दीड मीटरच्या वर कापा. वरची टोकं खिळ्याला बांधा आणि प्रत्येक पेडाच्या खालच्या टोकाला सारखेच दोन वॉशर अडकवा. ताण सारखा राहिला की शेपटंही सारखी उरतात. वायर दुभंगते तिथेही हीच पद्धत: वेणी उलगडायच्या आत गोंदवाली ट्यूब, आणि जाळीची पकड त्या ट्यूबवर.

एका प्रकारच्या वायरबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. जुन्या इयरफोनमधून काढलेल्या तांबड्या, हिरव्या, सोनेरी तारांवर लाखेसारखा इनॅमलचा थर असतो. त्या उघड्या दिसतात, पण असतात झाकलेल्या. ३५० अंशांवर टाका चकचकीत दिसतो, प्रत्यक्षात सोल्डर थराभोवती गोळा झालेलं असतं, आणि काही दिवसांत खरखर सुरू होते. टोकाला राळेचा फ्लक्स लावा, इस्त्री ४०० अंशांवर न्या आणि सोल्डरच्या थेंबात टोक बुडवून धरा. धूर येतो, थर जळतो, आणि सोल्डर तारेवर पसरतं. हा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. मग मीटर लावून बघूनच जॅकला जोडा.

नागपूरचं ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून ६० अंशांच्या वर सहज तापते. डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. ग्लू गनच्या काडीचा गोंद या तापमानाला मऊ व्हायला लागतो. जॅकच्या आत भरलेला तो गोंद हिवाळ्यात दगडासारखा वाटतो आणि एप्रिलमध्ये सरकतो. पकड गेली की ओढ थेट टाक्यावर. म्हणून पकडीचं काम ग्लू गनवर सोडू नका. काळी इन्सुलेशन टेप तर मुळीच नको, पहिल्याच उन्हाळ्यात तिचा चिकट रस बाहेर येतो आणि जाळीत धूळ चिकटते. पक्कं भरायचंच असेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा, पण फक्त टाक्यापाशी. वायर जिथे वाकते तिथे नको, नाहीतर पुन्हा तीच कडक-मऊची सीमा तयार होते.

कूलर लावला की गुंऽऽ

ही तक्रार हेडफोनच्या वायरची नसते. फोन किंवा लॅपटॉपमधून ॲम्प्लिफायरला जाणारी वायर कोणी अशीच उघडी विणली की ती येते. हेडफोन १६, ३२ किंवा फार तर ६०० ओहमचे असतात, त्यांच्या वायरवर बाहेरून आलेला बारीकसा आवाज टिकत नाही. ॲम्प्लिफायरचं इनपुट दहा हजार ओहम आणि त्याहून जास्तीचं असतं, गिटारच्या ॲम्पचं दहा लाखाच्या घरात. तिथे शिल्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, नसलेली वायर अँटेनाचं काम करते, आणि ॲम्प्लिफायर तो आवाज मोठा करून देतो. वेणी कितीही घट्ट असली तरी ती शिल्ड नाही. वेणीमुळे मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गुणगुणीला थोडा आळा बसतो, तोही सिग्नल आणि परतीची तार एकमेकांभोवती वळलेल्या असल्या तरच.

ओळखायची सोपी खूण: वायरच्या जॅकच्या धातूला बोट लावा. गुणगुण कमी झाली तर शिल्ड नाही किंवा ग्राउंड सुटलंय. पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण फिरवल्यावर घरघर कमी झाली, तर ती रेग्युलेटरची आहे, वायर त्यापासून लांब न्या. बोट लावून काही फरक पडत नसेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर गुणगुण थांबत असेल, तर तो दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला प्रश्न आहे, वायर बदलून सुटणार नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाण्याने ओला कूलर आणि त्याची लोखंडी बॉडी ज्या घरात आहे, त्या घरात ती पिन जीव वाचवते.

लाइनच्या, म्हणजे फोन-लॅपटॉपमधून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या, वायरसाठी दोन तारा आणि शिल्ड असलेली माइकची वायर विकत घ्या आणि तिच्यावर स्लीव्ह चढवा. दिसायला तितकीच देखणी होते. विणायची हौस असेल तर हेडफोनसाठी विणा, तिथे वेणीचा लवचिकपणा खरोखर कामाला येतो.

वायर शर्टला घासली की खसखस

ही कानात घालायच्या इयरफोनना जास्त जाणवते. जाळी कडक असते, तिचं घासणं वायरमधून सरळ कानात चढतं. कोरड्या हवेत नायलॉनची दोरी वरून चढवलेली असेल तर ते आणखी वाढतं. दुभंगण्याच्या जागेपासून कानापर्यंतच्या भागावर स्लीव्ह घालूच नका. तिथे ओढ कमी असते आणि सिलिकॉनची मऊ वेणी पुरेशी असते. खालच्या भागाला क्लिप लावून ती कॉलरला अडकवा. वायर कानामागून वळवून घेतली तर खसखस जवळपास बंद होते.